लिनक्सवर डॉकर बसवताना

लिनक्सवर कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर बसवून सुरू करणे हे काम आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या आज्ञांत उरकते, आणि ते इतके झटपट उरकत असल्यामुळेच त्या आज्ञांनी संगणकावरील अधिकारांची मांडणी कशी बदलली, याकडे बसवणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. कोणाच्या सहीवर विश्वास ठेवला, कोणती सेवा सर्वाधिकारी म्हणून कायमची चालू राहिली, त्या सेवेला हुकूम सोडण्याची मुभा कोणाकोणाला मिळाली, हे सगळे निर्णय त्या काही मिनिटांतच होऊन जातात, आणि पुढे उद्भवणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच सापडते. या प्रकारातील सर्वांत परिचित सॉफ्टवेअर डॉकर हे असल्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे हार्डवेअर आणि चालू प्रोग्रॅम यांच्यामधला व्यवहार सांभाळणारा भाग, 'कर्नल' या नावाने ओळखला जातो. आणि लिनक्सच्या कर्नलला 'कंटेनर' नावाची कोणतीही एक वस्तू ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतात त्या प्रोसेस, म्हणजे चालू अवस्थेतील प्रोग्रॅम. एखाद्या प्रोसेसला फाइलींचे वेगळे झाड, इतर प्रोसेसची वेगळी यादी, वेगळे नेटवर्क आणि यंत्राचे वेगळे नाव दिसावे अशी व्यवस्था करणाऱ्या सोयीला 'नेमस्पेस' म्हणतात, तर त्या प्रोसेसने किती मेमरी आणि प्रोसेसरचा किती वेळ वापरावा यावर मर्यादा घालणाऱ्या सोयीला 'कंट्रोल ग्रुप', किंवा थोडक्यात 'सीग्रुप', म्हणतात. या दोन सोयींच्या कुंपणात ठेवलेली एक साधी प्रोसेस म्हणजेच कंटेनर. व्हर्च्युअल मशीन हे स्वतःचा आड असलेले स्वतंत्र घर मानले, तर कंटेनर हे जुन्या वाड्यातले बिऱ्हाड ठरते: खोल्या, चूल आणि कुलूप ज्याचे त्याचे, पण आड सगळ्यांचा एकच, आणि तो आड म्हणजे कर्नल. कंटेनर क्षणार्धात सुरू होतो तो नवा कर्नल उभा करावा लागत नाही म्हणून, आणि त्याची तटबंदी व्हर्च्युअल मशीनएवढी भक्कम नसते तीही याच कारणामुळे.

या सोयी एका दिवसात आल्या नाहीत. प्रोसेसला फाइलींच्या झाडाचा एक तुकडाच संपूर्ण झाड म्हणून दाखवण्याची 'सीएचरूट' ही युक्ती १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत होती; २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' आणले; लिनक्समध्ये पहिली नेमस्पेस २००२ मध्ये आली; आणि गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये हाती घेतलेले कंट्रोल ग्रुपचे काम जानेवारी २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरा येथे भरलेल्या पायथॉन परिषदेत डॉटक्लाउड या कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर प्रथम लोकांसमोर मांडले. कर्नलमध्ये डॉकरने काही नवे घातले नव्हते. त्याची भर होती ती प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सर्व फाइली यांचा एकत्र बांधलेला संच, म्हणजे 'इमेज', तयार करण्याच्या सोप्या रीतीत आणि अशा इमेज ठेवण्याच्या-उचलण्याच्या सार्वजनिक कोठारात. त्या मानाने रुक्ष वाटणाऱ्या या भरीनेच पुढील दोन-तीन वर्षांत सर्व्हरच्या जगाची कामाची पद्धत बदलली, आणि २०१३ मध्येच कंपनीनेही स्वतःचे नाव बदलून डॉकर असे ठेवले.

बसवायचे असते ते एकसंध सॉफ्टवेअर नव्हे, तर एकमेकांना काम सोपवणाऱ्या प्रोग्रॅमची साखळी. टर्मिनलवर 'डॉकर' ही आज्ञा देताना वापरकर्ता ज्याच्याशी बोलतो तो क्लायंट केवळ निरोप पोचवणारा असतो; निरोप ऐकणारी, पार्श्वभूमीवर अखंड चालणारी सेवा 'डॉकरडी' ही असून अशा सेवेला युनिक्सच्या परंपरेत 'डीमन' म्हणतात. डीमन पुढचे काम 'कंटेनरडी'कडे आणि कंटेनरडी ते 'रनसी'कडे सोपवतो. रनसी नेमस्पेस आणि सीग्रुप यांची जुळणी करून प्रोसेस सुरू करून देतो आणि स्वतः बाजूला होतो. कोणत्याही एका कंपनीची मक्तेदारी राहू नये यासाठी २०१५ मध्ये 'ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह' ही संस्था स्थापन झाली तेव्हा डॉकरने रनसी तिच्या हवाली केला, आणि कंटेनरडी २०१७ मध्ये 'क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशन'कडे गेला. पूर्वपीठिका एवढ्यासाठीच, की बसवताना पॅकेजांच्या यादीत चार-पाच नावे का दिसतात हा नवख्यांचा प्रश्न तिच्यामुळे आपोआप सुटतो.

नावांचा खरा घोळ मात्र वेगळाच आहे. डेबियन आणि उबुंटू यांच्या स्वतःच्या भांडारात डॉकरचे पॅकेज 'डॉकर-डॉट-आयओ' या नावाने आहे, कारण 'डॉकर' हे साधे नाव डेस्कटॉपच्या पट्टीत छोटी चिन्हे बसवणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमने आधीच घेतलेले होते. परिणामी कित्येक वर्षे 'ॲप्ट इन्स्टॉल डॉकर' अशी सरळ आज्ञा देणाऱ्याच्या पदरी भलतेच पॅकेज पडत असे. डॉकर कंपनीच्या स्वतःच्या भांडारातील पॅकेज 'डॉकर-सीई' या नावाचे असून सोबत क्लायंट, कंटेनरडी, इमेज बांधणारे 'बिल्डएक्स' आणि अनेक कंटेनर एकत्र चालवणारे 'कंपोज' अशी पॅकेजे येतात. वितरकाच्या भांडारातील आवृत्ती थोडी मागे असते, पण तिची देखभाल बाकीच्या सिस्टिमबरोबरच होते. कंपनीच्या भांडारातील आवृत्ती ताजी असते, पण तिच्यासाठी एका त्रयस्थाला आपल्या यंत्रात कायमचा प्रवेश द्यावा लागतो. दोन्ही एकाच यंत्रावर मिसळणे हा मात्र पर्याय नव्हे. कंपनीच्या सूचनांमध्येही आधीची परस्परविरोधी पॅकेजे काढून टाकण्याची पायरी सर्वांत आधी दिलेली आहे.

त्रयस्थाला प्रवेश देणे म्हणजे नेमके काय, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. कंपनीचे भांडार जोडताना प्रथम तिची सार्वजनिक किल्ली उतरवून घेऊन 'ईटीसी' डिरेक्टरीतील ॲप्टच्या 'कीरिंग्ज' या फोल्डरात ठेवावी लागते आणि मग भांडाराचा पत्ता लिहिताना या पत्त्यावरील माल याच किल्लीने पारखावा असे 'साइन्ड-बाय' या शब्दाने नमूद करावे लागते. भांडारातील पॅकेजांच्या यादीवर कंपनीने आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही केलेली असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा नोंदलेला असतो, त्यामुळे वाटेत कोणी पॅकेज बदलले तर ॲप्टला ते ताबडतोब कळते. पूर्वी हेच काम 'ॲप्ट-की' या आज्ञेने होत असे. तिने जोडलेली किल्ली सर्वच भांडारांसाठी ग्राह्य धरली जाई, म्हणजे एका किरकोळ भांडाराची किल्ली हाती लागलेल्या माणसाला खुद्द उबुंटूच्या नावाने बनावट पॅकेज खपवणे तत्त्वतः शक्य होते, आणि म्हणूनच ती आज्ञा कालबाह्य ठरवण्यात आली. तरीही एक गोष्ट उरतेच: पॅकेज बसताना त्याच्यातील स्क्रिप्ट 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, या नात्याने चालतात, म्हणून ज्याचे भांडार जोडले त्याला प्रत्येक अपडेटच्या वेळी आपल्या यंत्रावर हवे ते करण्याची सनद मिळते. किल्ली सांगते ती फक्त माल कोणाचा आहे एवढे. माल चांगला आहे की नाही, हे तिच्या कक्षेबाहेरचे असते.

ही सर्व पायऱ्यांची दगदग वाचवण्यासाठी कंपनीनेच एक आयती स्क्रिप्ट उपलब्ध करून दिली आहे आणि ती इंटरनेटवरून उतरवून थेट शेलच्या हाती देण्याची, तीही 'सुडो'ने, म्हणजे रूटच्या अधिकारांनी, पद्धत रूढ झाली आहे. प्रयोगासाठी राखलेल्या यंत्रावर ती चालून जाते. खऱ्या कामाच्या सर्व्हरवर ती वापरू नये असे कंपनी स्वतःच सांगते, आणि ज्याने ती उघडून एकदाही वाचलेली नाही त्याने तर कुठेच वापरू नये.

पॅकेजे बसली की सेवा सुरू करण्याचा टप्पा येतो, आणि येथे वितरणांमधला एक जुना मतभेद आडवा येतो. डेबियन-उबुंटू परिवारात सेवेचे पॅकेज बसताच सेवा आपोआप सुरू होते. फेडोरा आणि रेड हॅट परिवारात प्रशासकाने सांगितल्याशिवाय ती सुरू होत नाही. रेड हॅट परिवाराची रीत अधिक समंजस म्हणावी लागेल, कारण एखादी सेवा चालू करण्याआधी तिची मांडणी तपासून घेण्यास तीत वाव राहतो. आज बहुतेक वितरणांत सेवांचे नियंत्रण 'सिस्टिमडी' करते आणि त्याच्याशी बोलण्याची आज्ञा 'सिस्टिमसीटीएल' ही आहे. 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट डॉकर' म्हटल्याने सेवा आत्ता सुरू होते, पण यंत्र पुन्हा चालू केल्यावर ती येईलच असे नाही. 'सिस्टिमसीटीएल इनेबल डॉकर' म्हटल्याने ती पुढच्या प्रत्येक वेळी येईल, पण आत्ता सुरू होणार नाही. दोन्ही एकदम हवे असल्यास 'इनेबल'ला 'नाऊ' हा पर्याय जोडावा लागतो. बंद करतानाही एक मौज आहे: सेवेला 'स्टॉप' म्हटल्यावर सिस्टिमडी अनेकदा इशारा देते की सेवा थांबवली असली तरी 'डॉकर-डॉट-सॉकेट' तिला पुन्हा उठवू शकेल, आणि खरोखरच पुढची 'डॉकर' आज्ञा देताच थांबवलेला डीमन हजर होतो.

हे सॉकेट म्हणजे 'व्हार' डिरेक्टरीखालील 'रन' या फोल्डरात 'डॉकर-डॉट-सॉक' या नावाने दिसणारी एक खास फाइल असून क्लायंट आणि डीमन यांचा संवाद तिच्यातूनच चालतो. नवख्यांना पहिल्याच दिवशी भेटणारे दोन त्रुटीसंदेश याच फाइलीविषयी असतात आणि दिसायला सारखे असल्यामुळे त्यांची गल्लत होते. डीमनशी संपर्क होऊ शकत नाही, तो चालू आहे ना, असे विचारणारा संदेश सेवा बंद असल्याचे सुचवतो आणि त्यावर सेवेची स्थिती पाहून 'जर्नलसीटीएल'मधून तिच्या नोंदी वाचणे हा उपाय आहे. सॉकेटशी जोडताना परवानगी नाकारली गेली असे सांगणाऱ्या संदेशाचा अर्थ सेवा चालू आहे, पण या वापरकर्त्याला तिच्याशी बोलण्याचा हक्क नाही, असा असतो. या दुसऱ्या प्रसंगी सेवा दहादा बंद-चालू करून काहीही साधत नाही.

हक्क नसण्याचे कारण असे, की ती फाइल रूटच्या मालकीची असून तिचा गट 'डॉकर' हा असतो, आणि या गटाबाहेरच्या वापरकर्त्यास प्रत्येक आज्ञेआधी सुडो लिहावे लागते. त्याचा कंटाळा येऊन 'यूजरमॉड' या आज्ञेने स्वतःला गटात घालून घेणे हा सर्वत्र सांगितला जाणारा सल्ला आहे. गटाचे सदस्यत्व नव्याने लॉगइन केल्यावरच लागू होते, हे ठाऊक नसल्यामुळे तो सल्ला फसला असेही अनेकांना वाटते. परंतु खरी बाब त्याहून गंभीर आहे. डीमन रूट म्हणून चालतो आणि सांगितलेला कोणताही कंटेनर मुकाट्याने सुरू करतो. त्यामुळे डॉकर गटातील कोणीही, यजमान यंत्राचे संपूर्ण फाइलझाड आत जोडलेला कंटेनर सुरू करून, त्यात रूट होऊन, पासवर्डांचे ठसे असलेली फाइलसुद्धा बदलू शकतो, आणि त्यासाठी त्याला सुडोचा पासवर्ड एकदाही विचारला जात नाही. डॉकरच्या अधिकृत माहितीत या गटाचे सदस्यत्व म्हणजे रूटच्या बरोबरीचे अधिकार असा स्पष्ट इशारा आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर एकट्याने काम करणाऱ्यास हे चालेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सामायिक सर्व्हरवर सगळ्यांना सरसकट या गटात घालणे म्हणजे सगळ्यांना रूटचा पासवर्ड वाटण्यासारखेच ठरते.

सेवा नीट चालते आहे याची खात्री करण्यासाठी 'डॉकर रन हॅलो-वर्ल्ड' ही आज्ञा देण्याचा प्रघात आहे, आणि अवघ्या काही किलोबाइटची ही इमेज शिक्षणाच्या दृष्टीने उत्तम आहे. आधी, ही इमेज स्थानिक साठ्यात सापडली नाही, असा संदेश येतो, ज्याला पुष्कळजण त्रुटी समजतात. मग ती डॉकर हब या सार्वजनिक कोठारातून उतरते आणि शेवटी कंटेनरमधला प्रोग्रॅम स्वतःच्या जन्माची हकिकत सांगतो: क्लायंटने डीमनला निरोप दिला, डीमनने इमेज आणली, तिच्यापासून कंटेनर केला आणि त्याचा मजकूर टर्मिनलवर पोचवला. त्यानंतर 'डॉकर पीएस' ही आज्ञा देऊन पाहणाऱ्यास रिकामी यादी दिसते, कारण कंटेनरचे आयुष्य त्यातील मुख्य प्रोसेसएवढेच असते, आणि चार ओळी छापून ती प्रोसेस संपलेली असते. थांबलेले कंटेनर पाहायचे तर त्या आज्ञेला 'ए' हा पर्याय द्यावा लागतो. इमेज उतरण्याऐवजी मर्यादा ओलांडल्याचा संदेश आला, तर कारण वेगळे असते: नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने विनाओळख येणाऱ्यांसाठी सहा तासांत १०० उताऱ्यांची मर्यादा घातली आणि ती मोजणी इंटरनेट पत्त्यानुसार होत असल्याने, जिथे सगळे संगणक एकाच पत्त्याने बाहेर पडतात तिथे एकाच्या उतावीळपणाचा भुर्दंड साऱ्यांना पडतो.

सुरू झालेला डॉकर काही गोष्टी न विचारता करतो आणि त्यांतील दोन महाग पडतात. पहिली फायरवॉलची: कंटेनरचा पोर्ट बाहेर उघडला की डॉकर कर्नलच्या पॅकेट-नियमांत स्वतःच्या ओळी लिहितो आणि त्या उबुंटूच्या 'यूएफडब्ल्यू' या फायरवॉलला वळसा घालतात, त्यामुळे यूएफडब्ल्यूने बंद म्हणून दाखवलेल्या पोर्टवर डेटाबेस साऱ्या जगाला उघडा असू शकतो, तो फक्त त्याच यंत्रापुरता हवा असेल तर पोर्ट देताना १२७.०.०.१ हा पत्ता स्पष्ट लिहावा लागतो. दुसरी नोंदींची: कंटेनर जे काही छापतो ते मुळातल्या मांडणीत कोणत्याही आकारमर्यादेशिवाय डिस्कवर साठत जाते आणि एखादा बडबड्या प्रोग्रॅम काही महिन्यांत डिस्क भरून टाकतो. मर्यादा 'डीमन-डॉट-जेसॉन' या फाइलीत घालता येते, मात्र ती नव्याने केलेल्या कंटेनरांनाच लागू होते, आणि त्या फाइलीत एखादा स्वल्पविराम चुकला तर डीमन सुरूच होत नाही.

कधी कधी दोष बसवणाऱ्याचा नसतोच. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या फेडोरा ३१ ने सीग्रुपची दुसरी, नव्याने रचलेली आवृत्ती मूळ मांडणी म्हणून स्वीकारली, आणि डॉकरला ती तोवर समजत नसल्यामुळे पॅकेज व्यवस्थित बसूनही कंटेनर सुरू होईनात. कर्नलला सुरुवातीलाच एक पर्याय देऊन जुनी आवृत्ती परत आणणे एवढाच तात्पुरता उपाय होता, आणि डॉकरच्या २०.१० या आवृत्तीने डिसेंबर २०२० मध्ये ती उणीव भरून काढली. कंटेनर हा कर्नलच्या सोयींचा बनलेला असतो, याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा देता येणार नाही. याच सुमारास, फेब्रुवारी २०१९ मध्ये, रनसीमधील एक दोष जाहीर झाला होता, ज्याच्या आधारे कंटेनरमधला दुष्ट प्रोग्रॅम यजमान यंत्रावरील खुद्द रनसीची फाइल बदलून रूटचे अधिकार मिळवू शकत होता.

अशा प्रसंगांमुळे, मुळात सर्वाधिकारी डीमन हवाच कशाला, या प्रश्नाला धार आली. रेड हॅटने पुढे आणलेल्या 'पॉडमन'मध्ये असा कायमस्वरूपी डीमनच नाही. आज्ञा देणाऱ्याच्या हाताखाली, त्याच्याच अधिकारांत कंटेनर चालतो, आणि आज्ञा बहुतांशी डॉकरच्याच असल्यामुळे वळण बदलावे लागत नाही. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये डॉकर वगळून त्याच्या जागी पॉडमन देण्यात आला, तर डॉकरनेही २०.१० पासून रूटविना चालण्याची स्वतःची रीत स्थिर म्हणून जाहीर केली. दोन्हींचा आधार 'यूजर नेमस्पेस' हा आहे: कंटेनरच्या आत स्वतःला रूट समजणारी प्रोसेस बाहेर मात्र साध्या वापरकर्त्याच्याच क्रमांकाने ओळखली जाते, आणि आतील इतर वापरकर्त्यांसाठी त्याला बहुधा ६५,५३६ क्रमांकांचा एक पट्टा 'सबयूआयडी' या फाइलीत नेमून दिलेला असतो. ही फाइल रिकामी असेल तर रूटविना कंटेनर नीट चालत नाहीत, आणि १०२४ च्या खालचे पोर्ट, ज्यांत वेबचा ८० क्रमांकाचा पोर्टही येतो, साध्या वापरकर्त्यास मुळातल्या मांडणीत घेता येत नाहीत.

रूटविना पद्धतीत सुरू करण्याची कल्पनाही बदलते. पॉडमनमध्ये डीमन नसल्यामुळे यंत्र चालू झाल्यावर कंटेनर उठवणारे आपोआप कोणी उरत नाही, आणि वापरकर्ता लॉगआउट होताच सिस्टिमडी त्याच्या नावावरचे सारे काम आवरते घेत असल्याने रात्री टर्मिनल बंद केल्यावर कंटेनरही गायब झाल्याचा अनुभव येतो. त्यासाठी 'लॉगइनसीटीएल इनेबल-लिंगर' ही आज्ञा देऊन त्या वापरकर्त्याच्या सेवा त्याच्या लॉगइनशिवाय चालू ठेवण्यास सांगावे लागते, आणि पॉडमनच्या २०२३ मधील ४.४ या आवृत्तीपासून कंटेनरचे वर्णन एका छोट्या फाइलीत लिहून ती वापरकर्त्याच्या घरडिरेक्टरीतील ठरलेल्या फोल्डरात ठेवली, की सिस्टिमडी तिच्यावरून नेहमीच्या सेवांसारखी एक सेवा तयार करून ती सुरू करते, थांबवते आणि कोसळल्यास सांगितल्याप्रमाणे पुन्हा उभी करते.